जखमी जवान आणि ध्वजदिनाचा डबा

सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे लष्कराच्या इ.एम.ई. शाखेतील जवान आणि नावाजलेले मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात एके दिवशी शिट्टी वाजली. ती चहाची असावी, असेच काही जवानांना वाटले, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. शिट्टी हवाई हल्ल्याची होती. त्या हल्ल्यात अंगात शिरलेल्या गोळ्यांपैकी एक कण्यात रुतली ती कायमची. कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटरची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी भारताला त्या स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

२०२४ च्या चित्रपटामुळे ही कहाणी घरोघर पोचली. जिद्दीचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु कौतुकाच्या भरात एक साधा प्रश्न मागे पडला. या जवानाला पुन्हा उभे करण्याचा भार कोणी उचलला? क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने प्रवासाचा खर्च केला. नोकरी पुण्याच्या टेल्कोत मिळाली. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी केलेली त्यांची मागणी फेटाळली गेली. पद्मश्री २०१८ मध्ये आली आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीनंतर! सत्काराला खर्च थोडा आणि छायाचित्रे पुष्कळ, हे शासनाला पक्के ठाऊक आहे.

पदक न मिळविलेल्या जवानांचे काय? १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा फिरतो. लोक श्रद्धेने पैसे टाकतात. त्यांचा दोष नाही. पण ज्याने अवयव गमावला त्याचे देणे हे दान नव्हे, ती मजुरीइतकीच रोकडी थकबाकी आहे. भरतीच्या वेळी नोंद नसलेले अपंगत्व सेवेमुळेच आले असे मानावे, विरुद्ध सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात दिला. अपंगत्व निवृत्तिवेतनाविरुद्धची अपिले मागे घ्यावीत, असे संरक्षण खात्याने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेच २०१५ मध्ये सुचविले. त्यानंतरही अपिले होतच राहिली. व्यासपीठावर जवानाचा जयजयकार करणारे सरकार न्यायालयात त्याच्याच विरुद्ध वकील उभा करते.

सातारा-सांगलीच्या कोरडवाहू तालुक्यांतली मुले सैन्यात जातात त्यामागे देशप्रेम असते, तशी न पिकणारी जमीनही असते. त्यांतला एखादा अपंग होऊन परततो आणि दावा नाकारल्याचे इंग्रजी पत्र पत्र्याच्या पेटीत ठेवून गप्प बसतो. लष्करी न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. गावातला असा एक माणूस शोधून, त्याचे कागद लावून ते तेथवर पोचविणे तालुका शाखेला अवघड नाही. येत्या ७ डिसेंबरच्या आधी ते सुरू करता येईल.