बेकारीचा दाखला कोणी द्यावा?

ज्याला धनी नाही, त्याला कामावरून काढणार कोण? आणि काढलेच नाही, तर तो बेकार कसा? बेकारभत्त्याचा विषय निघाला की हा युक्तिवाद सरकारी कचेऱ्यांतून आणि आपल्या दिवाणखान्यांतूनही ऐकू येतो. तो वरवर बिनतोड वाटतो. परंतु जबलपूरहून भेडाघाटापर्यंत जाऊन आल्यास त्यातला फोलपणा सहज ध्यानात येईल.

पावसाळ्यात नर्मदा फुगली की तेथील नौकाविहार बंद ठेवला जातो. योग्यच आहे, प्रवाशांचे प्राण मोलाचे आहेत. परंतु त्याच आज्ञेने नावाड्याची मिळकत थांबते, आणि प्रवासी ओसरले की घाटावर संगमरवरी मूर्ती विकणाऱ्या कारागिराचीही आटते. 2020 च्या मार्चमध्ये मध्य प्रदेशातील कोरोनाचे पहिले रुग्ण जबलपुरात आढळले आणि त्याच महिन्यात देशभर टाळेबंदी आली. शिंपी, न्हावी, हातगाडीवाला यांना घरी कोणी बसविले? शासनाच्या हुकमानेच ना? मग बेकारीचा याहून सबळ दाखला कोणता हवा?

वस्तुस्थिती अशी की, आपल्या विम्याची इमारत कारखान्याच्या हजेरीपटावर उभी आहे. प्रा. आडारकरांनी 1944 साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला; त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा जन्मला. त्या काळी ती मोठीच मजल होती. पुढे 2018 मध्ये त्याच विमा महामंडळाने अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आणली. 2020 मध्ये तिचा भत्ता सरासरी वेतनाच्या निम्म्यापर्यंत, कमाल 90 दिवसांसाठी, वाढविण्यात आला. परंतु तो मिळणार विमेदार नोकरदाराला. हातगाडीवाल्याच्या वाट्याला त्याच वर्षी काय आले? स्वनिधी योजनेतून 10,000 रुपयांचे कर्ज! एकाला भत्ता आणि दुसऱ्याला ऋण, हा न्याय कोणत्या तराजूत तोलला?

धन्यावाचून भत्ता देता येत नाही, असेही नाही. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने मागणीनंतर 15 दिवसांत काम न मिळाल्यास भत्त्याची तरतूद केली होती. तेथे कोणी कोणाला बडतर्फ केलेले नव्हते. डेन्मार्कमध्ये तर स्वतंत्र व्यावसायिकही स्वेच्छेने बेकारी-निधीचा वर्गणीदार होऊ शकतो आणि व्यवसाय बंद केल्याचे दाखवून भत्ता मागू शकतो.

लबाडी होईल, ही शंका अगदीच निराधार नाही. म्हणूनच आरंभ मर्यादित असावा. ज्या व्यवसायाला शासनाच्या आज्ञेने कुलूप लागते, तेथे बंदीचे दिवस कागदावरच असतात. फेरीवाल्यांच्या नोंदणीची सोय 2014 च्या कायद्याने, तर असंघटित श्रमिकांच्या नोंदणीची सोय 2021 च्या ई-श्रमने झालेली आहे. व्यावसायिकाने कमाईच्या दिवसांत अल्प वर्गणी भरावी, धन्याचा वाटा शासनाने उचलावा आणि बंदीच्या दिवसांपुरता भत्ता द्यावा. पैसा कोठून आणावा, असे विचारणाऱ्यांनी हेही सांगावे की, आज त्या बंदीची किंमत कोण मोजतो? सार्वजनिक हितासाठी दिलेल्या आज्ञेचा सारा भार एकट्या नावाड्याच्या चुलीवर पडतो.

राज्यघटनेच्या 41 व्या कलमाने बेकारीत सार्वजनिक साहाय्याची दिशा दाखविली. ऐपतीची मर्यादाही घातली. परंतु ते साहाय्य नोकरदारापुरतेच असावे, असे त्या कलमात कोठेही म्हटलेले नाही. जो हात आपले काम बंद करतो, त्यानेच बेकारीचा दाखला द्यावा आणि भत्ताही द्यावा.