आम्ही काय पाहून आलो?

(एस. वाय. बी. ए. मधील एक विद्यार्थिनी)

दर वर्षी डिसेंबर जवळ आला की आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर 'अभ्याससहल' असा एक कागद लागतो. या वर्षी त्या कागदावर राजस्थान होते. रेल्वेने अजमेर आणि तेथून भाड्याच्या बसने किशनगड, मकराना, जोधपूर, पोखरण, जैसलमेर. चव्वेचाळीस विद्यार्थी, तीन प्राध्यापक, सात दिवस. आमच्या घरातील कुणीही केवळ पाहण्यासाठी म्हणून जिल्ह्याची हद्द ओलांडलेली नाही. आईने बचत गटातून पैसे उचलले आणि मी नाव दिले. ते पैसे अजून फिटायचे आहेत. म्हणून आम्ही काय पाहून आलो याचा हिशेब मांडण्याचा मला थोडासा अधिकार आहे, असे मी समजते.

आधीच सांगते, सहल मजेची झाली. बसमध्ये गाण्याच्या भेंड्या झाल्या. जैसलमेरजवळ समच्या वाळूत बसून पाहिलेला सूर्यास्त मी विसरणार नाही. माझी तक्रार मजेबद्दल नाही. ती 'अभ्यास' या शब्दाबद्दल आहे.

ज्या वाटेने आमची बस गेली, ती सगळी वाट दगडाच्या खाणींची आहे. मकरानाचा संगमरवर ताजमहालाला लागला आणि कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियललाही लागला. जोधपूरचा वालुकाश्म, जैसलमेरचा पिवळा दगड आणि त्याच जिल्ह्यात सानू येथे निघणारा, पोलादाच्या कारखान्यांत जाणारा चुनखडीचा दगड, असा हा मुलूख आहे. तेथे पाऊस बेभरवशाचा आणि शेती त्याहून बेभरवशाची. त्यामुळे कितीतरी हातांना काम मिळते ते खाणीतच. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र किल्ले, राजवाडे, हवेल्या आणि उंट होते. खाण हा शब्द एकदाही नव्हता.

पहिला मुक्काम किशनगड. तेथे संगमरवर कापण्याचे कारखाने आहेत. शिळा कापताना करवतीवर सतत पाणी सोडतात. दगडाची भुकटी त्या पाण्यात मिसळून पांढरा राडा होतो आणि तो टँकरने नेऊन शहराबाहेर ओततात. वर्षानुवर्षे ओतून तेथे पांढरेशुभ्र डोंगर उभे राहिले आहेत, मधे निळसर पाण्याची तळी आहेत. लोक ते पाहायला लांबून येतात, लग्नाआधीचे फोटो काढून घेतात. चित्रपटांतील गाण्यांचे चित्रीकरणही तेथे झाले आहे. आम्ही 'काश्मीर, काश्मीर' असे ओरडतच बसमधून उतरलो. वाळलेली भुकटी ओंजळीत घेऊन एकमेकांवर उधळली. मीही उधळली. तो फोटो माझ्याजवळ आहे आणि त्यात मी हसते आहे.

मकराना आम्ही बसच्या खिडकीतूनच पाहिले. घराच्या उंचीच्या कितीतरी पट खोल खड्डे, काठावर क्रेन, तळाशी मुंगीएवढी माणसे. दोन मिनिटांत ते मागे पडले.

जोधपूरला उमेद भवन पाहिले. १९२९ साली बांधायला घेतलेला हा राजवाडा १९४३ साली पुरा झाला. दुष्काळात रयतेच्या हाताला काम मिळावे म्हणून तो बांधायला काढला, हे मार्गदर्शकाने अभिमानाने सांगितले. खोल्या ३४७, हेही सांगितले. मजुरी काय मिळत होती हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मला माझी आजी आठवली. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. तो रस्ता आजही आहे, आमची एस. टी. त्यावरूनच येते. तो पाहायला कुणी तिकीट काढीत नाही, एवढाच फरक.

जोधपूर सोडल्यावर रस्त्यालगत वालुकाश्माची एक खाण दिसली. सरांनी आपणहून बस थांबवली, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पंधरा मिनिटे मिळाली. एक जण यंत्राने कोरड्या दगडात भोक पाडीत होता आणि धुळीत तो कमरेपर्यंत दिसेनासा झाला होता. काही बाया डोक्यावरून दगडांचे तुकडे वाहत होत्या. आमच्यापैकी पंधरा-वीस जणांनी मोबाईल काढले. एका बाईने ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली आणि पाठ फिरवली. एक म्हातारा कामगार जवळ आला. त्याने विचारले, "कहाँ से आए हो?" आम्ही सांगितले. तो म्हणाला, "पढ़नेवाले हो? तो कुछ पूछो."

मित्रहो, आम्हा चव्वेचाळीस जणांपैकी एकाजवळही प्रश्न नव्हता. शेवटी कुणीतरी विचारले, "यहाँ से जैसलमेर कितना दूर है?"

माझ्याजवळ प्रश्न होते. रात्री खोकला येतो का? ठेकेदाराचे पैसे अंगावर किती आहेत? पण ते विचारले असते तर हे मला कसे सुचले, तेही सांगावे लागले असते. माझे वडील आपल्याच तालुक्यात खडी क्रशरवर काम करतात. कॉलेजात आल्यापासून दीड वर्ष मी 'वडील खाजगी कंपनीत आहेत' असे सांगत आले. मी गप्प राहिले आणि बस सुटली.

घरी आल्यावर आईला फोटो दाखवले. किल्ले, उंट तिने कौतुकाने पाहिले. किशनगडच्या फोटोवर ती थांबली. म्हणाली, "ही तर दगडाची पिठी. एवढी? आन् तुमी ती अंगावर उधळून खेळताय व्हय?" तो फोटो तिने वडिलांना दाखवला नाही.

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून जे वाचले, ते जाण्याआधी वाचायला हवे होते. किशनगडची भुकटी मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असते. जोधपूरच्या वालुकाश्मात मात्र सिलिका भरपूर असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसांत जाऊन बसली की सिलिकोसिस होतो आणि एकदा झालेला हा रोग बरा होत नाही. अनेकांना आधी क्षयाचा म्हणून औषध दिले जाते आणि मधली वर्षे फुकट जातात. भोक पाडताना पाण्याची धार सोडली तर बरीचशी धूळ जागच्या जागी बसते. उपाय इतका साधा आहे. राजस्थान सरकारने २०१९ साली या रोगासंबंधी धोरण जाहीर केले आणि प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णाला ३ लाख रुपये, तर मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये देण्याची तरतूद केली. खाणकामगार ठेकेदाराकडून जी आगाऊ रक्कम घेतो, तिला तिकडे पेशगी म्हणतात. आपल्याकडे ऊसतोडीची उचल असते, तशीच ही. ती फिटेपर्यंत खाण सोडता येत नाही आणि आजारपण आले की ती वाढते.

यावर काही मित्र म्हणतील, सहलीत सुद्धा दुःखच उगाळायचे का? मुळीच नाही. किल्ला पाहूच नये असे मी म्हणत नाही. त्याचा दगड कुठून आला आणि कुणी काढला, हाही त्या किल्ल्याचाच इतिहास आहे, एवढेच म्हणते. दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. खाणीवर बस नेऊन उभी केली तर कामगार हेच प्रेक्षणीय स्थळ होईल. तसे झालेच. त्या बाईने पाठ फिरवली ती उगाच नव्हे. म्हणून नुसते थांबणे पुरेसे नाही, थांबण्याची तयारी लागते.

माझ्या सूचना साध्या आहेत. सहलीआधी भूगोल आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्या भागावर दोन तास घ्यावेत. प्रत्येकाने निदान एक प्रश्न वहीत लिहून न्यावा. दहा स्थळांऐवजी सहा पाहावीत, पण एका ठिकाणी अर्धा दिवस थांबावे. कामगारांशी आधी बोलून, त्यांच्या सवडीने भेटावे. त्यांचा रोज बुडत असेल तर तो सहलीच्या खर्चातून द्यावा, कारण त्या दिवशी ते आपले शिक्षक असतात. विचारल्याशिवाय फोटो काढू नये. आणि सहलीची वर्गणी हप्त्यांनी घ्यावी. आमच्या वर्गातील नऊ जण पैशापायी आले नाहीत. कदाचित त्यांच्याजवळ प्रश्न असते.

शेवटची सूचना खर्चाची मुळीच नाही. पुढील वर्षी दूरच्या सहलीआधी एक दिवस आपल्या गावाबाहेरच्या खडी क्रशरवर जाऊ या. महाविद्यालयापासून सहा किलोमीटर आहे, एस. टी. ने जाता येते. तेथे निळा रुमाल तोंडाला बांधून जो गृहस्थ यंत्रात दगड टाकताना दिसेल, ते माझे वडील. त्यांची ओळख मी करून देईन. प्रश्न मात्र तुम्ही आणा.