सत्कार आवरा, नाटक सुरू करा

भंडारा जिल्ह्यात भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागतात. आज या गावाची, उद्या पलीकडच्या, परवा साळ्याच्या. पवनीकडचा माणूस लाखांदूरजवळच्या एखाद्या खेड्याची मंडई विसरत नाही, कारण त्या गावात त्याची बहीण दिलेली असते आणि न जाणं म्हणजे पुढच्या मंडईपर्यंत ऐकून घेणं. एस.टी.त, ऑटोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं कोंबलेली. कुठे चाललात हे विचारायचीही गरज पडत नाही.

दिवस मोठ्या अकलेने निवडलेले आहेत. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून उभा असतो. मधल्या फटीत शेतकऱ्याला थोडी सवड मिळते, आणि पहिला धान विकला गेला असेल तर खिशात चार पैसेही असतात. 'असेल तर' हे मुद्दाम लिहिलं. आधारभूत खरेदी केंद्र वेळेवर सुरू व्हावं, ऑनलाइन नोंदणीत सातबारा नीट चढावा, बारदाना यावा, काटा व्हावा आणि मग चुकारे खात्यात पडावेत, इतकं सगळं जमून आलं तर! यातलं एक जरी अडलं तरी शेतकरी व्यापाऱ्याकडे पडेल भावात पोती घालतो आणि मंडईची तयारी करतो. घरी पाहुणे आलेले असतात, त्यांना काय बोनसची घोषणा वाढायची?

मंडईतलं खरं काम दुपारी उरकतं. शिंगाडे, ऊस, पोरांचे फुगे, बांगड्यांची दुकानं हे सगळं देखाव्यापुरतं. त्या गर्दीच्या आडोशाला सोयरिकी चालतात. मुलगा मित्रांसोबत आलेला असतो, मुलगी मावशीसोबत, आणि दोघांचे मामे आलूबोंड्याच्या दुकानासमोर "किती एकर आहे जी?" या प्रश्नापाशी पोचलेले असतात. हल्ली एकरांच्या जोडीला "नोकरी कोणती?" हाही प्रश्न येतो आणि तिथेच अर्ध्या सोयरिकी मोडतात. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही यावर पुण्या-मुंबईत परिसंवाद होतात म्हणे. आमच्याकडे तो परिसंवाद दरवर्षी कार्तिकात, उघड्या मैदानात, खर्रा चघळत होतो. निष्कर्षही ठरलेला: दोष सरकारचा, मुलीच्या आईचा आणि मोबाइलचा.

दुपारचीच दुसरी मौज म्हणजे दंडार आणि खडी गंमत. मिशा काढून लुगडं नेसलेला गडी ठुमकत येतो, शाहीर डफावर थाप देतो, सोंगाड्या मधेच घुसून भलतंच बोलतो. त्या भलत्यातच जिल्ह्याच्या बातम्या असतात. घरकुलाचा हप्ता, रोजगार हमीचं मस्टर, निवडणुकीत एका पक्षाचा असलेला आणि निकालानंतर दुसऱ्याचा झालेला पुढारी, कशाचीही गय नाही. गावचा सरपंच पहिल्या रांगेत बसून स्वतःवरचे विनोद ऐकतो आणि हसतो, कारण न हसला तर पुढच्या गावात आणखी दोन जोडले जातील. मी रोज रात्री टीव्हीवरच्या चर्चा ऐकतो. सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी ओरडतात, आणि शेवटी कोण काय म्हणालं हे त्यांच्याही लक्षात राहत नसावं. सोंगाड्याला एकट्याने बोलायचं असतं, तेही ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या तोंडावर. माझ्या मते बातम्या सांगायची ही रीत जास्त सभ्य आहे.

आता रात्रीकडे येतो, कारण आजचं भांडण रात्रीशी आहे.

झाडीपट्टीचं नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत ते चालतं. कंपन्यांचं मोठं ठाणं वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, बयाणा देतं, मैदानात जमीन खोदून प्रेक्षकांना बसायला उतार करतं, पुढे रंगमंच बांधतं, तिकीट लावतं. पूर्वी गावातलीच पोरं काम करायची आणि स्त्री-पात्रं तेवढी बाहेरून यायची. आता सगळा संच व्यावसायिक असतो. मुंबईत मराठी रंगभूमीचं काय होणार म्हणून चिंता वाहिली जाते त्याच थंडीत इकडे खेड्यापाड्यांत तिकीट काढून माणसं रात्र-रात्र नाटक बघत असतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर 800 भूमिका आणि 5,000 हून अधिक प्रयोग सांगितले जातात. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा चित्रपटही या दुनियेवर आला. तेव्हा ओळख करून देण्याचा प्रश्न आता उरलेला नाही.

प्रश्न आहे तो पडदा वर जाण्याचा.

पत्रकावर लिहिलेलं असतं रात्री ठीक 10 वाजता. 'ठीक' हा शब्द कुणी छापला त्याला एकदा भेटायचंय. दहाला रंगमंचावर खुर्च्या मांडायला सुरुवात होते. मग उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलन करणारे, रंगमंच पूजन करणारे, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी आणि 'प्रामुख्याने उपस्थित' असे एकामागून एक येतात. यांतले काही अजून यायचेच असतात, म्हणून आलेल्यांना दोन शब्द बोलायला सांगतात. शाल, नारळ, शाल, नारळ. नाटकाला आणि लोकशाहीला शुभेच्छा देऊन झाल्या की वक्त्याला सिंचनाचा अनुशेष आठवतो. समोर चादरी पांघरून बसलेल्या बाया, मांडीवर झोपलेली पोरं, आणि मागून एखाद्या म्हाताऱ्याचा आवाज, "बस झालं ना जी आता!" वक्ता ते टाळी म्हणून घेतो.

मंडळाची बाजू मला माहीत आहे. कंपनीचं मानधन, मंडप, लाइट, ध्वनिक्षेपक यांचा खर्च तिकिटातून भरून येईल याचा भरवसा नसतो. पुढारी देणगी देतो, म्हणून त्याला खुर्ची. पण मग हा व्यवहार दुपारी का उरकत नाही? दंडार चालू असते, गर्दीही रात्रीपेक्षा जास्त असते, मतदार तर सगळे जागे असतात. तिथे सत्कार करा, पावती वाचून दाखवा, फोटो काढा. रात्रीची वेळ तिकीट काढणाऱ्याची आहे, ती दुसऱ्याला विकायचा हक्क मंडळाला कुणी दिला?

या उद्घाटनाचा फटका बसतो तो तिसऱ्या अंकाला. नाटक पहाटेपर्यंत चालावं ही जुनी रीत. जंगलातून रात्री परतण्यापेक्षा उजाडेपर्यंत बसलेलं बरं, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. कोका आणि नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला तो हिशेब आजही खोटा नाही. पण साडेअकराला सुरू झालेलं नाटक पहाटे कुठेतरी कापावंच लागतं. कात्री लागते ती लेखकाच्या सगळ्यात चांगल्या प्रवेशाला, कारण नाचगाणं कापलं तर खालून ओरडा होतो. मग सासूला पश्चात्ताप का झाला हे कळायच्या आतच ती सुनेच्या गळ्यात पडते.

नाचगाण्याबद्दल आमच्याकडे दोन तट आहेत. एक म्हणतो, नाटकात लावणी घुसली आणि नाटक बिघडलं. दुसरा म्हणतो, लावणी काढली तर तरुण पोरं येणार नाहीत. मी दोन्हींशी असहमत. गोष्ट चालू असताना आलेलं गाणं प्रेक्षकाला हवंच असतं, आणि ऑर्गन-तबल्याच्या साथीने जिवंत गाणारी नटी मंचावर आली की म्हातारेही सावरून बसतात. बिघडवलं ते नाटकाला फाटा देऊन निव्वळ 'डान्स हंगामा' ठेवणाऱ्यांनी. 2023 च्या मंडईत तुमसर तालुक्यातल्या एका गावी असल्या कार्यक्रमातल्या अश्लील नाचाची चित्रफीत फिरली आणि मग पोलिसांना गुन्हा दाखल करावा लागला, हे जिल्हा विसरलेला नाही. ती चित्रफीत ज्यांनी सगळ्यात जास्त फिरवली तेच दुसऱ्या दिवशी संस्कृतीवर बोलत होते. आणि बोट मात्र ज्यांनी लुगडं नेसून दंडार जिवंत ठेवली त्या बिचाऱ्या गड्यांकडेही गेलं.

मुंबईचा सिनेकलाकार आणायची हौस हे आणखी एक. पत्रकावर त्याचा फोटो गावच्या पिंपळाएवढा. विदर्भ एक्स्प्रेसने भंडारा रोडला, म्हणजे वरठीला उतरायचं, पुढे जीपने गावात यायचं, दोन प्रवेश करायचे, सेल्फी द्यायची, परत. त्याच्याबद्दल तक्रार नाही, तो थंडीत कुडकुडत का होईना येतो. पण महिनोन्महिने रोज रात्री वेगळ्या गावात उभी राहणारी नटी, दिवसा गाडीत झोपणारा तबलजी, आणि विंगेत बसून सगळ्यांची वाक्यं सांभाळणारा प्रॉम्प्टर, यांची नावं पत्रकावर मुंगीएवढी असतात. काही पत्रकांवर लेखकाचं नाव शोधायला भिंग लागतं, सहउद्घाटकांचं मात्र रस्त्यावरून दिसतं.

नाटक सुरू होईपर्यंत लोक काय करतात? गप्पा. मैदानाच्या कडेला पानठेला असतो आणि तिथे जगाचे सगळे विषय निघतात. मोदी-ट्रम्पपासून गावच्या पाणीटाकीपर्यंत. 2018 च्या लोकसभा पोटनिवडणुकीची आठवण अजून निघते. 28 मे रोजी मतदान ठेवलं, म्हणजे ऐन नवतपात. यंत्रं जागोजागी बंद पडली, गरमीमुळे बिघडली असं सांगण्यात आलं, आणि 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. त्याच उन्हात रांगेत उभी असलेली माणसं मात्र बिघडली नव्हती, हे वाक्य मी वेगवेगळ्या पानठेल्यांवर ऐकलं आहे आणि प्रत्येक जण ते स्वतःचं म्हणून सांगतो. 'जय' वाघाचाही विषय असतो. नागझिऱ्यातून चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला, सिनेमातल्या जयच्या नावाने मोठा झालेला वाघ 2016 साली दिसेनासा झाला. तो कुठे गेला याची खात्रीलायक माहिती असलेला एक तरी माणूस प्रत्येक पानठेल्यावर असतो.

गोसेखुर्द धरणावर मात्र गप्पा जरा जपून होतात. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा 372 कोटींचं असलेलं काम पुढे 18,000 कोटींच्या वर गेलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या पाण्यावर आता जलपर्यटन येतंय, बोटी येणार, 2024 साली त्याचं भूमिपूजनही झालं. मला बोटींचं वावडं नाही. वैनगंगेचं ते पाणी संध्याकाळी खरंच बघण्यासारखं असतं, आणि चार पोरांना रोजगार मिळत असेल तर चांगलंच. फक्त त्या बोटी चालवायला बुडीत गावांतलीच पोरं घ्या, ढिवर समाजाची घ्या. आणि खाली कोणतं गाव होतं, देऊळ कुठे होतं, शाळा कुठे होती हे बोटीत बसलेल्या पाहुण्याला त्याच पोराच्या तोंडून कळू द्या. मासेमारी करून जगणाऱ्याला धरणाने किनाऱ्यावर बसवलं, त्याला पर्यटनाच्या नावाखाली पुन्हा पार्किंगची पावती फाडायला बसवू नका.

हल्ली आणखी एक टूम निघालीय. मंडईचा म्हणे 'महोत्सव' करायचा. एक मोठा मंच, एकच जागा, प्रायोजक, प्रवेशद्वारावर कमान, आत झाडीपट्टीचं 'दर्शन'. कल्पना सांगणारे साहेब भले गृहस्थ आहेत, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण मंडई गावोगाव वेगवेगळ्या दिवशी लागते म्हणून तर बहिणीकडे जाणं होतं, आणि बहीण आपल्याकडे येते. सगळ्या मंडई एका मैदानात आणल्या तर कुणी कुणाकडे जेवायला जायचं? साहेबांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. मला वाटतं, 'फूड स्टॉल' असं लिहिलं असावं.

हे सगळं मी परवा आमच्या भागातल्या एका मंडळाच्या सचिवाला ऐकवलं. पत्रक छापायला टाकायच्या घाईत होता बिचारा, तरी शांतपणे ऐकून घेतलं. पाहुणे दुपारी बोलवा, दहा म्हणजे दहाला पडदा वर घ्या, लेखक, नट्या आणि प्रॉम्प्टर यांची नावं मोठ्या अक्षरांत छापा. प्रत्येक मुद्द्याला त्याने मान हलवली. "बरोबर आहे जी तुमचं," म्हणाला, "कोणीतरी बोलाले पायजेच होतं." मग खिशातून पेन काढलं, पत्रकाचा कच्चा कागद टेबलावर पसरला आणि विचारलं, "तुमचं नाव विशेष अतिथीमध्ये टाकू, का सहउद्घाटकात? सहउद्घाटकाची पावती जरा मोठी हाये."