दुसरे कोणी नसण्याची किंमत

पाणवठा कोणाचा, हा प्रश्न 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर निकालात निघाला, अशी आपली सोयीची समजूत आहे. खरे तर त्या तळ्याचा शेवटचा निकाल हायकोर्टातून यायला 1937 उजाडले. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव 1923 सालीच मंजूर झाला होता, आणि कोल्हापूर संस्थानात तर त्याहीआधी, 1919 मध्ये, शाहू महाराजांनी सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचा हुकूम काढला होता. त्या काळी अडवणारा कोण आणि अडलेला कोण, हे उघड दिसत असे. आता अडवणाऱ्याच्या हातात काठी नसते, पावतीपुस्तक असते. आणि इतरांना अडवावे म्हणून त्याला पैसे देणारे आपणच असतो.

हे कसे, ते आधी दूरच्या उदाहरणाने पाहू. आपल्याकडच्या पुष्कळ घरांतली मुले अमेरिकेत असतात. आईवडील तिकडे गेले की नायगारा होतो, आणि अलीकडे फ्लोरिडाहून सुटणारी क्रूझही होते. या सफरीत एक दिवस हमखास ‘खासगी बेटा’चा असतो. बहामातले एक बेट नॉर्वेजियन कंपनीने 1977 साली घेतले, तिथून ही पद्धत सुरू झाली. 1998 मध्ये डिस्नेचे बेट आले. रॉयल कॅरिबियनने कोकोके नावाच्या आपल्या बेटावर सुमारे 25 कोटी डॉलर ओतून 2019 मध्ये ते नव्याने सजवले. जहाज सकाळी लागते, लोक उतरतात, गळ्यातले कार्ड दाखवून वाळूवर जातात. जेवण जहाजाचे, खुर्ची जहाजाची, संगीत जहाजाचे. आणखी पैसे दिले तर आणखी आतला, आणखी शांत किनारा मिळतो. म्हणजे कुंपणाच्या आत पुन्हा कुंपण. संध्याकाळी भोंगा वाजतो आणि सगळे परत. ज्या देशाच्या पाण्यात दिवसभर डुंबलो, त्या देशाचा एकही माणूस पाहुण्याला भेटत नाही. भेटलाच तर तो टॉवेल देणारा असतो.

यातले लाबादीचे उदाहरण मला सगळ्यात बोलके वाटते. लाबादी हे बेट नाहीच. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचा तो समुद्रात शिरलेला जमिनीचा एक तुकडा आहे. 1986 मध्ये रॉयल कॅरिबियनने तो भाड्याने घेतला आणि देशाच्या बाजूने कुंपण घातले. 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली, माणसे हजारोंनी ढिगाऱ्याखाली गेली. तीन दिवसांनी, 15 जानेवारीला, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यांचे जहाज ठरल्याप्रमाणे लागले. न्याय करायचा तर पूर्ण करावा. त्या जहाजातून मदतीचे सामानही आले होते, स्थानिकांचा रोजगार बुडू नये हा कंपनीचा मुद्दा खोटा नव्हता, आणि काही प्रवाशांच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरेना, ते जहाजावरच बसून राहिले. पण बाकीचे उतरले. पोहले. भाजलेले मांस खाल्ले. मला त्या माणसांना राक्षस ठरवायचे नाही. ती तुमच्या-माझ्यासारखी, सुट्टीचे पैसे आधीच भरून बसलेली माणसे होती. कुंपणाचे काम तेच असते: पलीकडे काय चालले आहे, त्याचा अलीकडच्या चवीवर परिणाम होऊ न देणे.

वाळू हैतीतही आहे, मुरुडलाही आहे आणि आपल्या तारकर्लीलाही आहे, तीही फुकट. मग पाहुणा एवढे मोजतो ते कशाचे? दुसरे कोणी नसण्याचे. फेरीवाला नको, भीक मागणारे पोर नको, आपल्याकडे टक लावून बघणारा गावकरी नको, घामट कपड्यांनिशी पाण्यात उतरलेले कुटुंब नको. जातीच्या काळात हीच इच्छा धर्माच्या नावाने बोलली जाई, म्हणून तिच्यावर आसूड ओढता आला. आज तीच इच्छा ‘प्रायव्हसी’ म्हणून बोलते, आणि तिच्याविरुद्ध कोणी शब्द काढला की तो हेवा ठरतो.

हे परक्या देशातले, असे म्हणून कोणी सुटू नये. गोव्यात दोना पावलाजवळ वांयगिणीचा किनारा आहे. तिथल्या पंचतारांकित हॉटेलासाठी सरकारने जमीन संपादन करून दिली, ती लोकांची किनाऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी ठेवण्याच्या अटीवर. वाटेवर बांधकाम उभे राहिले. गावकरी आणि गोवा फाउंडेशन कोर्टात गेले. 20 जानेवारी 2009 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: नैसर्गिक संपत्ती सरकारकडे असते ती जनतेची ठेव म्हणून, वाट मोकळी करा, आड येणारे बांधकाम पाडा. त्यानंतर लोकांनी निवडून दिलेल्या विधानसभेने काय केले? त्याच वर्षी भूसंपादनाचा कायदाच मागल्या तारखेपासून बदलला, आणि इमारत वाचवली. समुद्र जिंकला, वाट जिंकली, आणि तरी हॉटेल हरले नाही. यावर महाराष्ट्रात किती अग्रलेख निघाले असतील, याचा ज्याने त्याने अंदाज करावा.

आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीकडे वळतो, कारण हे सारे लिहायला मला भाग पाडले ते राधानगरीने. इथे समुद्र नाही, पण भोगावतीवरचा लक्ष्मी तलाव आहे, 8.36 टीएमसीचा. 1907 च्या सुमाराला शाहू महाराजांनी तो हाती घेतला, 1922 मध्ये ते गेले तेव्हा तो अपुराच होता, राजाराम महाराजांच्या काळात काम पुढे गेले. रयतेच्या शेताला पाणी आणि दुष्काळात अन्न, एवढ्यासाठी एका छोट्या संस्थानाने आपली तिजोरी इथे रिती केली. पलीकडे दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण आहे, ते याच्या तिप्पट मोठे. त्याच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे कज्जे वर्षानुवर्षे रेंगाळले. धरणासाठी जी जमीन घेतली, ती ‘सार्वजनिक कामा’साठी म्हणून घेतली. शेतकऱ्याने रडत का होईना, सही केली ती त्या दोन शब्दांवर. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तळाची गाळपेर जमीन उघडी पडते. ती वर्षापुरती कसायला देताना धरणग्रस्ताला आधी विचारायचे, असा नियम आहे. म्हणजे ज्याची जमीन बुडाली, त्याला तिच्याकडे परत यायची एक बारीकशी वाट कायद्यानेच ठेवली आहे.

त्या वाटेवर आता कोण उभे आहे, ते पवना, मुळशी, पानशेतच्या काठाने एक चक्कर मारली की कळते. तंबूंच्या रांगा, रेन डान्स, ‘प्रायव्हेट वॉटरफ्रंट’, ‘ओन्ली फॅमिली अँड कपल्स’. पाण्याच्या कडेपर्यंत तारा. त्याच गावचा पोरगा शिट्टी गळ्यात अडकवून गेटवर, आणि त्याचे काम काय, तर आपल्याच चुलत्याची म्हैस पाण्यावर येऊ न देणे! राधानगरी-दाजीपूरच्या रस्त्यालाही रिसॉर्टच्या पाट्या आल्या आहेत. धरणांलगतच्या जागा आणि जलसंपदा खात्याची विश्रामगृहे खासगी भागीदारीत पर्यटनासाठी देण्याचे धोरण सरकारने आखले आहेच. इथे अभयारण्य आहे, 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीतले, म्हणून अजून थोडा आळा आहे. पण आळा रानगव्यासाठी आहे. गव्याच्या शेजारी राहणाऱ्या धनगरवाड्याची वाट कोणत्या यादीत आहे?

लगेच उत्तर येते, आणि ते दरवेळी सुशिक्षित तोंडातूनच येते: ‘खुल्या जागांची अवस्था बघा. म्हणून आम्ही पैसे देऊन स्वच्छ ठिकाणी जातो.’ बघितली अवस्था. पावसाळ्यातल्या रविवारी राऊतवाडीच्या धबधब्यावर जावे. बाटल्या फुटलेल्या, पत्रावळ्या ओढ्यात, गाडीचे दरवाजे उघडे टाकून लावलेली गाणी, आणि ज्या लेकीबाळी आल्या त्या अर्ध्या तासात परत. हे गावकऱ्यांनी केलेले नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, निपाणी, बेळगावहून चारचाकीतून आलेल्यांनी केले. ज्याने सोमवारी ऑफिसात ‘पब्लिक फार घाण करते’ म्हणून नाक मुरडले, त्याच्याच डिकीत रविवारी बाटल्या होत्या. सार्वजनिक जागा आपण घाण करायची, मग ती घाण झाली म्हणून सोडून द्यायची, आणि शेवटी तिच्या शेजारचीच जागा कुंपण घालून स्वच्छ म्हणून विकत घ्यायची. असा हा आपल्या वर्गाचा धंदा आहे. खासगी काठावर हाच गृहस्थ कागदाचा कपटा कचरापेटीपर्यंत चालत जाऊन टाकतो. म्हणजे त्याला शिस्त येत नाही असे नाही. ज्यात गरिबाचाही वाटा आहे, त्या वस्तूबद्दल त्याला आदर नाही, एवढेच.

आणि हे कुठल्या मातीत घडते? याच संस्थानात गंगाराम कांबळे नावाचा एक माणूस राजवाड्याच्या पागेत चाकरीला होता. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून वरच्या जातीच्या नोकरांनी त्याला बेदम मारले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण नुसती शिक्षा करून ते थांबले असते तर आपल्याला आज आठवले नसते. गंगारामला त्यांनी कोल्हापुरात भरवस्तीत चहाचे दुकान घालायला लावले, ‘सत्यसुधारक’ नावाचे. दुकान उघडले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कोणी? तेव्हा महाराजांनी आपली गाडी त्याच्या दारात थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा मागवायचे, आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही प्यायला लावायचे, भररस्त्यात, सगळ्यांच्या देखत. हॉटेल या धंद्याचा आमच्या भागातला हा पूर्वज आहे. एका कपाने माणसे एका बाकावर बसवण्यासाठी ते निघाले होते. त्याच कोल्हापूरचा नातू आज हॉटेल निवडताना पहिले काय बघतो, तर ‘क्राउड कसा आहे’. क्राउड म्हणजे कोण, हे त्याला विचारू नका. तो जात सांगणार नाही, दर सांगेल.

कोणी म्हणेल, राजांची तरी कुठे सगळी पाने कोरी होती? खरे आहे. दाजीपूरचे जंगल संस्थानी शिकारीचे राखीव रान होते. रयतेला तिथे शिकारीची मुभा नव्हती. लक्ष्मी तलावाच्या पाण्यात ‘बेनझीर व्हिला’ नावाचा संस्थानकाळचा बंगला आहे, पार पडका झालेला. म्हणजे खासगी बेट आमच्याकडेही होते, फ्लोरिडाच्या कंपन्यांच्या कितीतरी आधी. पण राजाचे बेट हे राजाचे होते, आणि राजेपण गेल्यावर ते सरकारजमा झाले, लोकांचे झाले. 1958 मध्ये दाजीपूरचे अभयारण्य झाले ते अशाच मोकळ्या झालेल्या रानाचे. त्या बंगल्याची डागडुजी करून पर्यटन वाढवावे, अशी बोलणी अधूनमधून होतात. जरूर करावी. मात्र त्या दिवशी नावेचे तिकीट इथल्या फेजिवडे गावच्या शेतमजुराला परवडणारे हवे, आणि त्याच्या बायकोला तिथल्या ओट्यावर बसून भाकरी सोडता आली पाहिजे, ‘बाहेरचे पदार्थ आणू नयेत’ ही पाटी न वाचता.

मागण्या फार नाहीत. तलावाकाठची कोणतीही जागा भाडेपट्ट्याने देण्याआधी तो करार ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. पाण्यापर्यंत माणसाची आणि जनावराची वाट किती फुटांची आणि कुठून, हे नकाशावर दाखवावे, आणि ती बुजली तर करार रद्द, असे त्यातच लिहावे. वांयगिणीच्या लोकांनी कोर्टात काढलेली वर्षे राधानगरीच्या लोकांच्या वाट्याला यायची गरज नाही.

राहता राहिले गिऱ्हाईक, म्हणजे आपण. सरकारला शिव्या देणे सोपे आहे, पण ही तार सरकारने मागितलेली नाही. खात्री करून घ्यायची तर पुढच्या वेळी बुकिंगला फोन कराल तेव्हा एवढेच विचारा: ‘तुमच्या इथे पाण्यावर गावातली माणसे येतात का हो?’ तुम्ही का विचारले, हे पलीकडचा विचारणार नाही. तो लगेच धीर देईल: ‘नाही सर, अजिबात नाही. कंप्लीट प्रायव्हेट आहे. फॅमिली घेऊन निवांत या.’ आपल्याला कोणते उत्तर हवे असते, ते त्याला आजवर आलेल्या फोनांनी शिकवले आहे.