फ्रेंच न येणारे आई-बाबाच कामाचे

शाळेची पहिली चाचणी झाली की अनेक घरांत एक नवी चिंता डोकावू लागते. संस्कृत, जर्मन की फ्रेंच या निवडीत ‘गुण चांगले मिळतात’ म्हणून फ्रेंच घेतलेले असते. शाळेनुसार मूल पाचवीत, सहावीत नाहीतर आठवीत असते. गणिताची वही आई-बाबांना कळते, इतिहासाचा धडा आजोबांनाही सांगता येतो. फ्रेंचच्या वहीपुढे मात्र सगळे घर निरक्षर. मग ठरलेला उपाय म्हणजे शिकवणी. पहिल्या वर्षी तरी ही घाई करू नये, असे मला वाटते. या वर्षात मुलाला जी मदत सर्वाधिक लागते, ती फ्रेंच न येणारा पालकच रोज, घरबसल्या करू शकतो.

याचे पहिले कारण स्मरणशक्तीच्या कामकाजात आहे. पहिल्या वर्षाचे बरेचसे फ्रेंच म्हणजे शब्द: आकडे, वार, रंग, घरातली माणसे. मुले ते वहीत पुन्हापुन्हा वाचतात आणि ‘येतंय मला’ म्हणून वही मिटतात. कार्पिकी आणि रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले 40 शब्द अर्थांसह शिकवले. एखादा शब्द एकदा बरोबर आला की काहींनी तो पुढे फक्त वाचला, तर काहींना तो पुन्हापुन्हा विचारला गेला. आठवड्यानंतर ज्यांना विचारत राहिले, त्यांना सुमारे 80 टक्के शब्द आठवले. नुसते वाचत राहिलेल्यांना साधारण 36 टक्के. गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल, याचा सगळ्याच गटांचा अंदाज जवळपास सारखा, निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे ‘येतंय मला’ ही भावना भरवशाची नाही. शब्द डोक्यात घालण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, तो डोक्यातून बाहेर काढण्याला महत्त्व आहे. आणि ते करवून घ्यायला फ्रेंच कशाला यायला हवे? वही आपल्या हातात घ्यावी, ‘खिडकी?’ म्हणून विचारावे, मुलाने शब्द सांगावा आणि कोऱ्या कागदावर लिहावा. मग वहीशी अक्षर न् अक्षर, वरच्या तिरक्या रेघांसकट, ताडून पाहावे. रोमन लिपी वाचता आली की झाले.

हे रविवारी दोन तास बसून करू नये. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्येच दाखवले होते की नवे पाठांतर सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरले जाते, आणि तोच वेळ अनेक दिवसांत वाटून दिला तर ते जास्त टिकते. रोज दहा मिनिटे पुरेत. आजचे शब्द, कालचे दोन-चार आणि मागच्या आठवड्यातले दोन-चार. त्यानंतर झोप. शिकलेले पक्के करण्याचे बरेच काम मेंदू झोपेत करतो. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि त्यापुढे अठरापर्यंत 8 ते 10 तास झोप हवी, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. ती मोडून केलेले जागरण फ्रेंचच्या कामी येत नाही.

दुसरी गोष्ट उच्चारांची. अनेक मुले फ्रेंच शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. सोय दिसते, पण खड्डा तिथेच आहे. फ्रेंचमध्ये ‘तू’ या अर्थाचा शब्द आणि ‘सगळे’ या अर्थाचा शब्द देवनागरीत लिहिले तर दोन्ही ‘तू’च होतात. प्रत्यक्षात पहिल्यातला स्वर मराठीत नाही. ‘ई’ म्हणा, जीभ तिथेच ठेवा आणि ओठ मात्र ‘ऊ’सारखे गोल करा, तो स्वर निघतो. कागदावर हे उतरत नाही, कानाने घ्यावे लागते. शिवाय शब्दाच्या शेवटची अक्षरे पुष्कळदा मुकी असतात. ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘ते बोलतात’ यांतली क्रियापदे तीन तऱ्हांनी लिहितात, पण तिन्हींचा उच्चार ‘पार्ल’. त्यामुळे पाठ्यपुस्तकासोबतचे ध्वनिमुद्रण किंवा फोनवरचा बोलणारा शब्दकोश आधी ऐकावा, मग म्हणावे आणि शेवटी लिहावे.

तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते, ते म्हणजे घरातली मराठी. फ्रेंच बहुधा इंग्रजीतून शिकवली जाते आणि तिथे सारेच नवे, अवघड वाटते. टेबलाला लिंग कसे काय? मराठी मुलाला हा प्रश्न पडायचे कारण नाही. आपल्याकडे तर तीन लिंगे आहेत, फ्रेंचमध्ये दोनच. खिडकी दोन्हीकडे ‘ती’, सूर्य दोन्हीकडे ‘तो’, चंद्र मात्र फ्रेंचमध्ये ‘ती’. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणणाऱ्याला विशेषण बदलते याचे नवल नसते. मित्राला एक सर्वनाम आणि बाईंना दुसरे, हा भेद इंग्रजीत आज उरलेला नाही. आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेच, आणि फ्रेंचमध्येही अनेकवचन तेच आदरार्थी वापरतात. ऐंशीला फ्रेंचमध्ये ‘चार वीस’ म्हणतात, तर आपल्या जुन्या माणसांचे ‘चार विसा’ म्हणजे तेच. अननसाला फ्रेंचमध्येही जवळपास अननसच म्हणतात. साबणाचा शब्दही ओळखीचा वाटेल, कारण दोन्हींचे मूळ लॅटिनमध्ये आहे. असे दुवे आजीसुद्धा जोडून देऊ शकते.

यावर पालक म्हणतील, ‘पण परीक्षा तर लेखी असते.’ खरे आहे, म्हणूनच आठवून लिहिण्याचा सराव वर सांगितला. पण फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या ‘डेल्फ’ परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी 25 गुण असतात, हेही लक्षात घ्यावे. भाषा तेवढ्या चौघांची मिळून होते.

आणि बोलण्याच्या आड बहुतेकदा भीती येते. परकी भाषा वर्गात बोलताना वाटणारी धास्ती ही वेगळी, मोजता येणारी गोष्ट आहे, हे 1986 मध्ये हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी मांडले. बारा-तेराव्या वर्षी चुकीपेक्षा हसण्याची भीती जास्त असते. ती घालवायला घरच्यांनीच शिष्य व्हावे. रोज पाच शब्द मुलाकडून शिकावेत, चुकावे आणि त्याला दुरुस्त करू द्यावे. शिकवणारा जास्त शिकतो, हा तर जुना अनुभव आहे. चाचणीत किती पडले, हे त्यानंतर विचारता येईल.

एवढे करूनही मूल अडत असेल, आणि मराठी-इंग्रजी वाचतानाही अक्षरांशी झगडत असेल, तर दोष फ्रेंचचा किंवा आळसाचा मानू नये. वर्गशिक्षक आणि समुपदेशकांशी बोलावे, ऐकू नीट येते का तेही तपासावे. एरवी पहिल्या वर्षाचे माप एकच असावे: वर्षअखेरीस अनोळखी माणसासमोर चार वाक्ये चुकत का होईना, पण न घाबरता म्हणता आली का? ती आली, तर व्याकरणाला पुढची वर्षे आहेत. तोंड एकदा मिटले, तर ते उघडायला मात्र शिकवणी पुरत नाही.