जुन्या जीपची डागडुजी

आमच्या एका वाचकभगिनीचे पत्र समोर आहे. सासऱ्यांनी १९७२ साली महाराष्ट्रात घेतलेली जीप नऊ वर्षांपासून त्यांच्या सिल्वासानजीकच्या घराच्या पडवीत उभी आहे. भंगारवाला ती वजनाच्या भावाने मागतो. चिरंजीवांचा बेत निराळा आहे. जीपला दुसरे डिझेल इंजिन, रुंद टायर, पोलादी बंपर लावून ती खानवेल-दूधनीच्या डोंगरांत फिरवावी, असे त्यांना वाटते. यजमानांना वडिलांची वस्तू मोडवत नाही आणि मुलाला नाहीही म्हणवत नाही. ‘तुम्हीच काय ते सांगा,’ असे भगिनींनी लिहिले आहे.

आमचा विषय भाषेचा, यंत्राचा नव्हे. तरीही नगर हवेलीच्या डोंगराळ भागातील शाळांच्या निमित्ताने आम्ही जीपच्या मागल्या बाकावर पुष्कळ बसलो आणि मिस्त्रींच्या ओट्यावर त्याहून अधिक. तेथे जे ऐकले, पाहिले आणि पुढे पडताळून घेतले, ते येथे क्रमाने मांडतो. सर्वांचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे : जुनी गाडी आधी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे आणि सर्वांत शेवटी दिसली पाहिजे. बहुतेक घरांत पैसा याच्या नेमक्या उलट क्रमाने खर्च होतो.

प्रथम या वाहनाचे कूळ पाहू. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत माझगाव येथे अमेरिकेच्या विलीज जीपची जुळवणी सुरू केली. आपल्याकडे घरोघरी ओळखीची झालेली उंच बॉनेटची जीप म्हणजे विलीजचे ‘सीजे-३बी’ हे रूप. अमेरिकेत ते १९५३ मध्ये आले व १९६८ पर्यंत चालले. आपल्याकडे त्यानंतरही पुष्कळ वर्षे तयार होत राहिले. बॉनेट उंच होण्याचे कारण शोभा नव्हे. तिच्या २.२ लिटरच्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणाऱ्या झडपा माथ्यावर आणि बाहेर टाकणाऱ्या बाजूला असत. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि झाकण वर न्यावे लागले. अशा गाडीत संगणक नाही, गुप्त कुलपे नाहीत. पाने आणि हातोडी घेऊन बसणाऱ्या मिस्त्रीला ती आजही संपूर्ण उलगडता येते. तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य हेच आहे.

आता पडवीतल्या गाडीकडे वळू. नऊ वर्षे उभ्या असलेल्या जीपला बॅटरी जोडून किल्ली फिरवण्याचा मोह आधी आवरावा. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, टाकीतले पेट्रोल चिकट झालेले असते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात. प्लग काढून त्या भोकांतून थोडे इंजिन ऑईल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे आणि मग हँडलने इंजिन सावकाश फिरवून पाहावे. मोकळे फिरले तर निम्मी चिंता मिटली. या जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली असते, हे ध्यानात ठेवून ती उतरवून स्वच्छ करावी. टाकी जागेवर असताना तिच्या आसपास वेल्डिंग करू देऊ नये. रिकामी टाकी निर्धोक असते ही समजूत घातक आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामीतली पेट्रोलची वाफच अधिक भडका घेते.

पहिला खर्च ब्रेकवर करावा. या जुन्या जीपमध्ये चारही चाकांचा ब्रेक एकाच नळीमार्गावर चालतो; कोठेही एक गळती झाली की पेडल थेट तळाला जाते. मास्टर सिलिंडर पायांखाली, फरशीच्या पत्र्याच्या खालच्या बाजूस असल्याने चिखलपाणी त्यावर सतत उडते. म्हणून मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि रबरी नळ्या यांत दुरुस्ती न करता त्या नव्याच घालाव्यात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते; ते दर दोन वर्षांनी बदलावे आणि त्याच्या जागी दुसरे कोणतेही तेल भरू नये, कारण त्याने आतली रबरे फुगतात. हातब्रेकचीही एक खोड सांगून ठेवतो. तो चाकांना न धरता गिअरपेटीमागून निघणाऱ्या दांड्याला धरतो. त्यामुळे मागचे एक चाक जॅकवर उचलले, की हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा लावल्यावाचून जीपखाली कोणी शिरू नये.

दुसरा खर्च सुकाणूवर. पुढची चाके उचलून एकाने ती वरखाली व आडवी हलवावीत, दुसऱ्याने कोणता सांधा सैल आहे ते पाहावे. किंगपिनचे बेअरिंग, दांड्यांच्या टोकांचे गोळे, पाट्यांच्या शॅकलमधील बुश यांपैकी काहीतरी झिजलेले सापडतेच. ठराविक वेगाला स्टिअरिंग हातात थडथडू लागते, ते बहुधा याच झिजेमुळे. वर धक्काशामक बसवून तो रोग झाकला जातो, बरा होत नाही.

तिसरी पाहणी चेसिसची. कोकणपट्टीसारख्या आमच्या पावसात गंज वरच्या पत्र्यापेक्षा खालच्या पोकळ तुळयांना अधिक खातो. लहान हातोडीने तुळई टोकत जावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोखरण आहे. स्टिअरिंगची पेटी आणि पाट्यांचे कान जेथे बसतात तेथे चिरा शोधाव्यात. तुळईच कुजली असेल, तर पुढचा सर्व खर्च व्यर्थ होय, हे येथेच ओळखावे.

एवढे झाल्यावर इंजिन. खोलण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. दाब कमी आढळला तर त्यात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावा. वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर झडपा बसत नाहीत, असा साधा निवाडा होतो. ‘सगळे खोलूनच पाहू’ असे म्हणणाऱ्या मिस्त्रीला ही चाचणी आधी करावयास लावावी. रोग समजण्यापूर्वी शस्त्रक्रियेला कोण संमती देतो?

चारही चाकांना जोर देण्याच्या सोयीविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर तोडत नाहीत. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर त्याला घसरता येत नाही, आणि सगळा ताण गिअर, दांडे व क्राउन यांवर पडतो. म्हणून डांबरी रस्त्यावर पुढची चाके सोडवून ठेवावीत. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे व सारख्याच झिजेचे असावेत. ओढ्यातून गेल्यावर क्राउनचे ऑईल पाहावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. तापलेला क्राउन थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि श्वासनळी तुंबलेली असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. दोन पैशांची ती नळी साफ ठेवल्यास मोठी हानी टळते. ओले ब्रेक धरत नाहीत. पाण्याबाहेर आल्यावर पेडल हलके दाबत थोडे अंतर सावकाश जावे. मात्र दमणगंगेच्या खोऱ्यात श्रावणातल्या पुराने फरशी बुडाली असेल, तर कोणतीही जीप तिच्यावर घालू नये. वाहते पाणी गाडीची जात पाहत नाही.

आता चिरंजीवांच्या बेताकडे येऊ. मूळ जीपला ६.००-१६ मापाचे टायर. त्यांची उंची सुमारे २८ इंच. त्याजागी ३१ इंची बसवले तर चाकाचा घेर सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ५५ च्या वेगाने जात असते. चढावर इंजिन दमते, उतारावर तेच जुने ब्रेक अधिक जड चाक अडवण्यास तोकडे पडतात आणि किंगपिनवरचा भार वाढतो. पाटे उंच केले तर दांड्यांचा कोन बदलून त्यांचे सांधे लवकर जातात, आणि मुळातच अरुंद असलेली जीप वळणावर कलंडण्यास अधिक तयार होते. इंजिन जोरकस आले तर गिअरपेटी, क्राउन, ब्रेक हे सारे त्या जोराला पुरणारे हवे. नाकापेक्षा मोती जड ही म्हण जणू अशाच गाड्यांना पाहून सुचली असावी. पोलादी बंपरविषयी तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्याची सूचना दिली. असे बंपर धडकेचा मार आत बसलेल्यांपर्यंत पोचवतात आणि पादचाऱ्याला अधिक जखमी करतात.

कायद्याची बाजूही तरुणांना समजावून द्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रात असतो, म्हणून ते बदलण्याचा विचार परिवहन कार्यालयात विचारल्यावाचून करूच नये. न कळवलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवा येऊ शकतो, आणि त्या वेळी दुसऱ्याच्या घरचे नुकसानही आपल्या माथी बसते. नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी ती नूतन करावी लागते. आणखी एक गोष्ट आपणां बृहन्महाराष्ट्रीय कुटुंबांना विशेष लागू आहे. गावाकडची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवली तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणून तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. वडिलांच्या नावची गाडी वारसाच्या नावे करून घेणेही राहून गेलेले असते. तेही याच फेरीत उरकावे.

येथे एक मौज आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खाजगी वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. तिचे शुल्क २०,००० रुपये ठरले, मुदत १० वर्षांची. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. १९७२ ची जीप या वयात बसते. परंतु चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला, की तो मार्ग बंद होतो. चिरंजीव ज्या बदलांना गाडीचा उद्धार समजतात, त्यांनीच तिचे हे जतन हातचे जाईल.

तेव्हा भगिनींना आमचे सांगणे असे. चेसिस कुजली असल्यास गाडी वजनावर देऊ नये; अधिकृत मोडणी केंद्रात द्यावी, दाखला घ्यावा आणि नोंदणी रद्द करून घ्यावी, म्हणजे तिच्या क्रमांकाचा गैरवापर होऊन घरावर बालंट यायचे नाही. चेसिस धड असल्यास ब्रेक, सुकाणू, वायरी व इंजिन या क्रमाने, मजुरी आणि सुटे भाग यांचा अंदाज निरनिराळा लिहून घेऊन काम द्यावे, आणि एक टप्पा पुरता झाल्यावाचून पुढच्याचे पैसे देऊ नयेत. चिरंजीवांना नाही म्हणू नये. ब्रेकचे काम त्यांच्याच हातून, मिस्त्रीच्या नजरेखाली करून घ्यावे. चांगले फ्यूज, कायदेशीर दिवे, बसणाऱ्यांसाठी पट्टे, मजबूत ओढकडी हे बदल त्यांनी जरूर करावेत. आजोबांची गाडी कशी थांबते हे ज्याने स्वतः उलगडून पाहिले, तो ती उतारावर बेफाम सोडणार नाही, असा आमचा शिक्षकी अनुभव आहे.

शेवटी एक वही घालावी. तिच्यात तारीख, किलोमीटर, बदललेला भाग आणि दिलेली रक्कम लिहावी. खंडेनवमीला आपण वाहनाला झेंडू वाहतो, त्याच दिवशी वर्षभराची पाने वाचून काढावीत आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी काय बदलायचे ते शेवटच्या ओळीत नोंदवावे.