सोवळ्यातला रेडिओ

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून फिरून येतो. वर जुन्या रेडिओचा फोटो, खाली मजकूर. सकाळी भक्तिसंगीत, दुपारी वनिता मंडळ, संध्याकाळी कामगार सभा, रात्री शास्त्रीय गायन... काय ती अभिरुची! आणि आजची पोरं बघा, दिवसभर कानात बोंडं घालून काय कचरा ऐकतात! मग हात जोडणाऱ्यांची रांग लागते. म्हसळ्यातले काका, डोंबिवलीची मावशी, दुबईतला भाचा, सगळ्यांचं एकमत.

माझं नाही. ते कार्यक्रम वाईट होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझी तक्रार एवढीच की त्या मेसेजमधून अर्धा दिवस गाळलेला असतो, आणि नेमका तोच अर्धा सोयीचा नाही.

१९५५ सालचा एखादा बुधवार घ्या. मुंबई केंद्र तेव्हा दिवसभर सलग चालत नसे. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा सभा, मधल्या वेळात रेडिओ मुका. म्हसळ्यासारख्या गावात रेडिओ असायचा एखाद्याच्याच घरी, तोही बॅटरीवरचा, आणि त्याच्या लायसन्सचे पैसे पोस्टात भरायचे. दिवसभर मुंबई ऐकून झाली की बुधवारी रात्री काटा हळूच शॉर्टवेव्हवर सरकायचा. सिलोन! खरखरीतून अमीन सयानींचा आवाज यायचा आणि बिनाका गीतमाला सुरू व्हायची.

आता गंमत बघा. हा कार्यक्रम १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाला. त्याचं रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं. टेप विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून गाणी भारतभर ऐकू यायची. म्हणजे मुंबईत तयार झालेलं गाणं मुंबईच्या दक्षिणेला किनाऱ्याकिनाऱ्याने यावं इतक्या जवळच्या म्हसळ्यात पोचायचं, ते लंकेला वळसा घालून. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

तर बा. वि. केसकरांसाठी. हे आपलेच, पुण्याचे. १९५२ ते १९६२ नभोवाणी खातं त्यांच्याकडे होतं. फिल्मी गाणी उथळ, लोकांचे कान बिघडवणारी, असं त्यांचं ठाम मत. आधी गाण्यांचा वेळ कापला. मग म्हणे, गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, ती जाहिरात होते. निर्माते चिडले, त्यांनी हक्क काढून घेतले आणि आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी मोर्चे काढले नाहीत. बटण फिरवलं. बस्स.

ही खोड केसकरांची एकट्याची नव्हे, ती विलायतेहून आलेली. बीबीसीचे रीथसाहेब याच पंथाचे. त्यांचा रविवार इतका गंभीर असे की १९३० च्या दशकात खुद्द इंग्रज रविवारी लक्झेंबर्ग लावून बसत. त्याच बीबीसीतले लायोनेल फील्डन १९३५ मध्ये आपल्या नभोवाणीचे प्रमुख होऊन आले. १९४० साली रेडिओवरून हार्मोनियम हद्दपार झाली. का, तर तिच्या पट्ट्यांत आपल्या श्रुती बसत नाहीत! स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, बंदी मात्र सुमारे तीस वर्षं टिकली. गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात ही तऱ्हा. पु. ल. देशपांडे पन्नासच्या दशकात आकाशवाणीच्या नोकरीत होते. पेटीवाला आत आणि पेटी दाराबाहेर!

केसकरांचं श्रेय नाकारायचं नाही. संस्थानं विलीन झाली (आमचं म्हसळंही १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानातच होतं) तसा गवयांचा राजाश्रय सुटला. त्यांना रेडिओने मान दिला, चार पैसे दिले. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ चा, रेडिओ संगीत संमेलन १९५४ चं. हे काम मोठंच. पण ख्याल जगवायला दुसऱ्याचं गाणं बंद करायची काय गरज होती, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

आणि आता तो हुकमी एक्का. या वादात कोणी ना कोणी 'गीतरामायण' काढतंच. काढा ना! १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे केंद्र. पुढे वर्षभर दर आठवड्याला नवं गीत, एकूण ५६. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकत, असं जुनी माणसं सांगतात. हे केलं कोणी? गदिमा आणि सुधीर फडके. दोघेही मुरलेले चित्रपटवाले. १९५२ च्या 'लाखाची गोष्ट'ची गाणी याच जोडीची. म्हणजे ज्या दशकात रेडिओला सिनेमाचा विटाळ होत होता, त्याच दशकात मराठी रेडिओचं सर्वांत पवित्र मानलं गेलेलं काम सिनेमातल्या माणसांनी केलं. पुणे केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी त्यांच्यावर विश्वास टाकला म्हणून ते झालं. तिथे कोणी श्रोत्यांना सुधारायला निघालं नव्हतं.

शेवटी सरकारलाही कळलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि फिल्मी गाणी सन्मानाने घरी परतली. आज त्याच विविध भारतीच्या आठवणींनी आपले डोळे पाणावतात आणि तिलाही आपण 'शुद्ध' काळात जमा करून टाकतो!

तेव्हा काका, मावशी, राग मानू नका. सिलोनसाठी काटा सरकवणारे आणि गीतरामायणासाठी हार घालणारे लोक वेगळे नव्हते. एकाच घरात, एकाच रेडिओवर दोन्ही चालायचं, आणि त्यातलं काय चांगलं ते त्यांना मंत्र्याला न विचारता कळत होतं. मग आपल्या नातवंडांना ते कळणार नाही असं आपण कशावरून धरून चालतो? त्यांच्या कानात काय वाजतंय हे आपल्यापैकी किती जणांनी एकदा तरी ऐकून बघितलंय? न ऐकताच 'कचरा' म्हणायचं, ही केसकरांचीच गादी चालवणं झालं. फरक इतकाच की त्यांच्या हातात खातं होतं आणि आपल्या हातात फक्त फॉरवर्डचं बटण आहे. नशीब पोरांचं!